ऐपत कुणाची विचारता?

"पंधरा हजारांत पुण्यात राहायची ऐपत नाही, तर आलात कशाला?" हा प्रश्न आता सरसकट विचारला जातो. वाहतूक कोंडीवर बोलताना विचारतात, उन्हाळ्यात सोसायटीत टँकर मागवावा लागला की विचारतात, निवडणुकीच्या तोंडावर तर हमखास विचारतात. इकडे वाशीम जिल्ह्यात तोच प्रश्न वेगळ्या तोंडाने येतो. "घरी वावर असताना पुण्यात लोकांच्या गेटवर कायले उभा राहतं बाबू?" ट्रॅक्टरच्या मागे "वावर आहे तर पॉवर आहे" असं लिहिलेलं असतं, आणि पारावर बसलेली वडीलधारी माणसं ते मनापासून खरं मानतात.

शहराचा प्रश्न तुच्छतेतून येतो, गावाचा मायेतून. पण दोघांनीही धरून चाललेली गोष्ट एकच आहे, की रिसोडचा, मानोऱ्याचा किंवा शेलूबाजारचा जो मुलगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातो, त्याला हिशेब कळत नाही. तो झगमगाटाला भुलतो, कष्टाला कंटाळतो, मित्राचं ऐकून निघतो. हे मला मुळातूनच खोटं वाटतं. त्याचा हिशेब पक्का असतो. ज्यांनी हा हिशेब कधी कागदावर मांडलेलाच नाही, ते त्याला शहाणपण शिकवत असतात.

आधी गावाचं म्हणणं घेऊ, कारण ते जास्त प्रामाणिक आहे. म्हणतात, गावात काम भरपूर आहे, मजूरच मिळत नाही. सोयाबीनच्या सोंगणीला माणूस शोधून सापडत नाही, गुत्त्याचे भाव दरवर्षी वाढतात, बाहेरून टोळ्या आणाव्या लागतात. हे सगळं खरं आहे. पण ते कोणत्या दिवसांत खरं आहे? सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर सरेपर्यंत. सोयाबीन वाळलं की थांबत नाही, उशीर झाला तर शेंगा तडकतात, परतीचा पाऊस आला तर दाणा काळा पडतो. त्यामुळे सगळ्या शिवाराला एकाच पंधरवड्यात माणसं हवी असतात. जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत खरिपाचं मुख्य पीक हेच, म्हणजे सगळ्या जिल्ह्याची घाई एकदमच. त्या पंधरवड्यात मजूर मिळत नाही म्हणून वर्षभर काम आहे, असं कसं म्हणता येईल?

कापूस आणि ज्वारी होती तेव्हा गोष्ट निराळी होती. निंदण बायांच्या हातांनी व्हायचं, डवरणी बैलांनी व्हायची. कापसाची वेचणी दिवाळीपासून सुरू होऊन तीन-चार वेच्यांत उन्हाळ्यापर्यंत लांबायची. ज्वारीची सोंगणी, खुडणी, मळणी, कडब्याच्या पेंढ्या बांधणं, असं काम महिन्यामहिन्यांवर पसरलेलं असायचं. सोयाबीनने हे सगळं आक्रसून टाकलं. पेरणी ट्रॅक्टरने, निंदणाच्या जागी तणनाशक, मळणीला थ्रेशर. शेतकऱ्याने हा बदल आळसाने केला नाही. हातात लवकर पैसा देणारं, मजुरी वाचवणारं पीक त्याने घेतलं, आणि त्याच्या परिस्थितीत तेच शहाणपणाचं होतं. पण त्याच पिकाने त्याच्या शेजाऱ्याचं आणि स्वतःच्या मुलाचंही काम कमी केलं. काम गेलं आधी, पोरं गेली नंतर. हा क्रम उलटा सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आता वावराच्या पॉवरचा हिशेब. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकर. कोरडवाहू जमिनीत एकरी सहा क्विंटल उतारा धरू. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण तो मिळायला खरेदी केंद्र वेळेवर उघडावं लागतं, नोंदणी व्हावी लागते आणि दाण्यातला ओलावा मापात बसावा लागतो. दसरा-दिवाळीला उधारी फेडायची असलेला माणूस थांबत नाही, व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. म्हणून चार हजार दोनशेचा भाव धरू. अलीकडच्या हंगामांत कित्येकांना तेवढाही मिळालेला नाही. एकरी पंचवीस हजार दोनशे रुपये आले. त्यातून नांगरणी, बियाणं, खत, फवारणी, सोंगणी आणि मळणीचे सतरा हजार वजा करा. उरले आठ हजार दोनशे. सव्वातीन एकरांचे सव्वीस हजार सहाशे, तेही वर्षाचे आणि आभाळाने साथ दिली तर. ज्याच्या विहिरीला पाणी टिकतं तो वर हरभरा काढतो. ज्याच्या नाही, त्याच्या घरात दोन भाऊ असतील तर एकेकाच्या वाट्याला महिन्याला अकराशे रुपये येतात. एवढ्यावर कुणाला "घरी राहा" म्हणायचं असेल, तर पुढचं वर्ष त्याने कसं काढायचं हेही सांगावं.

कुणी म्हणेल, रोजगार हमी आहे की. आहे, आणि ती याच राज्याने देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात हजारो हात खडी फोडायला लागले, वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ज्याला काम हवं त्याला काम देणं राज्यावर बंधनकारक करणारा तो कायदा होता, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात त्या कामाची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. शंभर दिवस पूर्ण भरले तर ३१,२०० होतात. शंभराचे सव्वाशे दिवस केले तरी ३९,००० होतात, तेही सगळ्या कुटुंबाला मिळून. बारावी झालेल्या मुलाने यावर घर कसं मांडावं?

आणि घर मांडायचं म्हटलं की आमच्याकडे एक गोष्ट उघडपणे बोलली जाते, पण लेखांत फारशी येत नाही. पाच एकरवाल्या शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही. मुलीकडचे विचारतात, "पोरगा पुण्यात आहे का?" चाकणच्या कंपनीत कंत्राटावर असला तरी चालतो. मुलीच्या आईने सासू-सासऱ्यांचं कर्ज आणि रात्री-बेरात्री येणारी कृषिपंपाची लाईट पाहिलेली असते. लेकीच्या वाट्याला ते येऊ नये असं तिला वाटतं. तिला दोष देण्याची माझी तयारी नाही. पण हे माहीत असलेल्या मुलाला "लाज वाटत नाही का" असं विचारणं फार दुष्टपणाचं आहे.

आता पुण्याकडे वळू. तिथला हिशेब जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि मुख्य मुद्दा तिथेच आहे.

गार्डची बारा तासांची ड्युटी करून हातात पंधरा हजार पडतात असं धरू. मुलगा एकटा असेपर्यंत हे जमतं. भोसरीत, चिखलीत किंवा चाकणजवळ चौघांत एक खोली, डबा, मोबाईल, येणं-जाणं जाऊन सहा-सात हजार उरतात. ते घरी जातात. बियाणं त्यातून येतं, बहिणीची फी त्यातून जाते. पहिली दोन-तीन वर्षं वावराला हा मुलगाच पोसतो. मग लग्न होतं. चौघांतली खोली सोडून वेगळी घ्यावी लागते. भाडं सहा हजार, आधी डिपॉझिट, मग लाईटबिल, गॅस, दूध. मूल झालं की दवाखाना आणि शाळा. पगार मात्र फार तर हजार-दोन हजारांनी हललेला असतो. इथे हिशेब तुटतो, तरीही माणूस राहतो. कसा?

वाशीम, मालेगाव, कारंजा, कुठल्याही स्टँडवर संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्स सुटतात तिथे जाऊन बघा. डिकीत बॅगांच्या आधी पोती चढतात. गहू, ज्वारी, तुरीची डाळ, मिरचीचं तिखट, कधी पापड-कुरडया. सकाळी वाघोलीला, नाशिक फाट्याला कुणीतरी ते उतरवून घेतो. महिन्याचा दीड-दोन हजारांचा किराणा असा बापाच्या घरातून येतो. सुनेचं बाळंतपण गावाकडे होतं. मूल शाळेच्या वयाचं झालं की आजी-आजोबांकडे ठेवतात. मोठं दुखणं आलं तर माणूस सुट्टी टाकून गावी येतो, बिनपगारी. काम सुटलं तर दुसरं मिळेपर्यंत घरी. आणि हातपाय थकले की कायमचा घरी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे सगळ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसलं. ज्या शहरात हे लोक राबत होते, त्या शहराने त्यांना महिनाभरसुद्धा धरून ठेवलं नाही. ते परतले, गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत विलगीकरणात राहिले आणि घरच्या धान्यावर जगले. पुणे पुन्हा उघडलं तेव्हा तेच परत कामावर हजर झाले. मधल्या महिन्यांत त्यांना जगवायचा खर्च कुणी केला? कंपनीने केला नाही, सोसायटीने केला नाही. सव्वातीन एकरवाल्या बापाने केला.

म्हणून "ऐपत नाही तर आलात कशाला" या वाक्याला माझा विरोध नुसत्या भावनेचा नाही. ते वाक्य वस्तुस्थितीला धरूनच नाही. माणसाला काम करायला धडधाकट ठेवायला, त्याची मुलं वाढवायला आणि त्याचं म्हातारपण काढायला जेवढा खर्च येतो, तेवढा पगार शहर देत नाही. तुटीचा भाग वाशीमसारखा जिल्हा भरतो, आणि तोही सोयाबीनला भाव नसताना. हिंजवडीच्या इमारतीतला गार्ड, मॉलमध्ये फरशी पुसणारी ताई, रात्री अकरा वाजता जेवण घेऊन येणारा दुचाकीवाला, हे स्वस्तात मिळतात. कारण त्यांच्या जगण्याच्या खर्चाचा बराच भाग दुसऱ्या कुणीतरी, साडेचारशे किलोमीटरवर, आधीच देऊन ठेवलेला असतो. पुण्यातल्या सुखवस्तू घरांना मिळणारी ही सवलत आहे. ती देणारा बाप पीक कर्जाच्या थकबाकीत असतो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "पूर्वीही लोक असेच आले, हालअपेष्टा काढल्या आणि वर आले. यांनाच काय झालं?" हे उत्तर देणाऱ्यांना आपला इतिहास अर्धाच आठवतो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातला माणूस आला तेव्हा त्याच्या गावकीची खोली तिथे होती, खानावळवाल्या बाईचा डबा होता, सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी होत्या, १९४७ च्या भाडे नियंत्रणाने भाडं हाताबाहेर जात नव्हतं आणि पाठीशी युनियन होती. पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. पुण्यातच बघा. दुष्काळी भागांतून आलेल्या हमालांना बाबा आढावांनी हमाल पंचायतीत बांधलं. सत्तरच्या दशकात "कष्टाची भाकर" सुरू झाली ती कष्टकऱ्याला परवडणाऱ्या दरात पोटभर, ताजं जेवण मिळावं म्हणून. कमी मजुरीत महाग शहरात जगणं त्या पिढीला शक्य झालं, कारण कुणीतरी भाडं आवरलं होतं, जेवण स्वस्त ठेवलं होतं आणि मजुरी ठरवायला मालकासमोर संघटना बसत होती. कष्टाला तोटा आजही नाही. बाकीचं काढून घेतलं आहे.

त्या जागी काय आलं? कंत्राट. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत "नीम" नावाच्या योजनेखाली वर्षानुवर्षं मुलं यंत्रांवर उभी राहिली. नियमाने ती कामगार नव्हती, प्रशिक्षणार्थी होती, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी नाही, कायम होण्याचा प्रश्न नाही. मुदत संपली की बाहेर, आणि दुसऱ्या कंपनीत पुन्हा प्रशिक्षणार्थी. राज्य सरकारने स्वतः २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय आणि पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन ठेवलं. पदवीधर मुलाच्या महिन्याच्या कामाची सरकारी किंमत दहा हजार असेल, तर खाजगी ठेकेदार पंधरा देताना उपकार केल्यासारखा बोलणारच.

गार्डांची गोष्ट जास्त बोचते. महाराष्ट्राने १९८१ मध्येच खाजगी सुरक्षारक्षकांसाठी खास कायदा केला. माथाडींच्या धर्तीवर मंडळं नेमली, जेणेकरून मजुरी, निधी, रजा या गोष्टी एजन्सीच्या मर्जीवर राहू नयेत. मंडळाबाहेरच्या एजन्सींना सूट द्यायची वाटही त्याच कायद्यात होती. आज शहरभर बारा तासांची ड्युटी हाच रिवाज झाला आहे. ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दराने मजुरी असते, हे बहुतेक गार्डांना कुणी सांगितलेलंही नसतं.

आणि एक उणीव अशी आहे की तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा केंद्राचा कायदा होता. त्यात ठेकेदाराने राहायची सोय करावी, गावी जाण्या-येण्याचा खर्च द्यावा, विस्थापन भत्ता द्यावा, असं लिहिलेलं होतं. पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही व्याख्या आंतरराज्य मजुराचीच आहे. मानोऱ्याच्या तांड्यावरचा मुलगा रात्रभर प्रवास करून पुण्याला पोहोचतो, तरी हद्द ओलांडत नाही, म्हणून कायद्याच्या लेखी तो स्थलांतरितच नाही. बिहारमधून आलेल्या मजुराला त्या तरतुदी प्रत्यक्षात फारशा मिळत नाहीत, हे मी जाणतो, आणि त्याच्याशी आमचं कसलंही वैर नाही. पण आमच्या मुलाला त्या कागदावरही मिळत नाहीत. त्याचं मत वाशीमच्या यादीत, त्यामुळे पुण्याच्या नगरसेवकाला तो दिसत नाही. राहायला पुण्यात, त्यामुळे गावच्या सरपंचाच्या खिजगणतीत नाही.

उद्योग गावाकडे न्या, म्हणजे लोक येणार नाहीत, असंही सुचवलं जातं. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण आम्ही काय पाहिलं ते ऐका. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले चार होते, नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. म्हणजे आम्ही मागे आहोत, यावर सरकारचाच शिक्का आहे. समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला. त्याच्या काठाने नवनगरं उभी राहतील, शेतमालावर प्रक्रिया होईल, असं जमिनी घेताना सांगितलं होतं. रस्ता आला, पण काम आलं नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी ट्रॅव्हल्स त्याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात पेटली आणि २५ जण होरपळून गेले. वाशीम जिल्हा होऊन त्याच दिवशी पंचवीस वर्षं झाली होती. नोकरीसाठी, शिक्षणासाठी रात्रीचा प्रवास करणारी विदर्भातली तरुण मुलं त्यात होती. असा प्रवास आमचे लोक दर आठवड्याला करतात. तो कुणी हौसेने करत नाही.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही, आणि खोडायचंही नाही. दहा-बारा वर्षं गेटवर काढलेला माणूस चाळिशीत रिकाम्या हाताने परत येतो, हे खरं आहे. कौशल्य मिळत नाही, पाच एजन्सींकडे पाच तुकड्यांत अडकलेला निधी निघत नाही, पाठ गेलेली असते. असे लोक आमच्या गावागावांत आहेत आणि त्यांच्याकडे पाहून माझा जीव तुटतो. पण याचं उत्तर "जाऊ नका" हे कसं होतं? तो गेला नसता तर बहीण शिकली नसती, आईचं ऑपरेशन झालं नसतं. त्याने आपल्या वाट्याचं केलं. ज्यांनी त्याच्याकडून बारा वर्षं काम घेतलं त्यांनी केलं नाही.

म्हणून मागणं कुणाकडे करायचं ते स्पष्ट असावं. राज्याने जिल्हा ओलांडून कामाला जाणाऱ्यांसाठी स्वतःचा कायदा करावा आणि ठेकेदारावर राहण्याची जबाबदारी टाकावी. किमान वेतन ठरवताना त्या शहरातलं एका खोलीचं चालू भाडं हिशेबात धरावं. एमआयडीसी कारखान्यांना जमीन देते, तर त्याच वसाहतीत कामगारांच्या वसतिगृहांसाठीही द्यावी. सोयाबीनची खरेदी केंद्रं सोंगणी सुरू होण्याआधी उघडावीत, कारण बापाच्या हातात पैसा असला तर मुलगा पडेल त्या पगाराला "हो" म्हणणार नाही.

आणि पुण्यातल्या वाचकाने सरकारची वाट पाहायचं कारण नाही. आपल्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत दोन आकडे मागा: एका गार्डमागे आपण एजन्सीला महिन्याला किती देतो, आणि त्यातले गार्डच्या खात्यात किती जमा होतात. दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या. निधी भरल्याची पावती दर महिन्याला मागा. ड्युटी आठ तासांची करायला किती जास्त पैसे लागतील ते काढा, आणि फ्लॅटमागे किती पडतात ते सभेपुढे मांडा.